गाइडलाइन पाठ आहे, ओपीडीत सुरुवात कुठून करू?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या एका बालरोगतज्ज्ञांचा आहे. त्यांच्याकडे टाइप वन मधुमेहाची (शरीरात इन्सुलिन बनणंच थांबलेली) सहा-सात मुलं नियमित येतात. इस्पॅड या मुलांच्या मधुमेहावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची गाइडलाइन वाचून झाली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०२२ ची पण. ते विचारतात, "आईकडे दिवसाला शुगर तपासायच्या जेमतेम दोन पट्ट्यांचे पैसे, घरी फ्रिज नाही, मुलगा सरकारी बाटलीतल्या इन्सुलिनवर. या घरात संशोधनातलं नेमकं काय लागू करायचं आणि आधी काय?"

मी सांगली-मिरजेत बरीच वर्षं ही मुलं बघतोय. माझं उत्तर लांबणार आहे.

आधी डीसीसीटी हा टाइप वनवरचा गाजलेला अभ्यास पुन्हा एकदा वाचा, आणि या वेळी निकालापेक्षा पद्धतीचा भाग नीट वाचा. अमेरिका-कॅनडातला हा अभ्यास १९८३ ते १९९३ चालला, १४४१ रुग्ण होते, त्यात तेरा वर्षांपुढची किशोरवयीन मुलंही होती. काटेकोर उपचारांच्या गटाचं एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्तचाचणी) सात टक्क्यांच्या आसपास राहिलं, दुसऱ्या गटाचं नऊच्या. ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याचा आजार ७६ टक्क्यांनी कमी झाला. हे सगळ्यांना पाठ असतं. विसरलं जातं ते असं, की हे सगळं जुन्या मानवी इन्सुलिनवर झालं. पहिलं ॲनालॉग, म्हणजे रचना बदलून बनवलेलं इन्सुलिन, बाजारात आलं १९९६ साली. दंडावर चिकटवून सतत शुगर दाखवणारा सेन्सर तेव्हा नव्हताच. काटेकोर गटात दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं किंवा पंप, रोज चार वेळा बोटातून शुगर, दर महिन्याला भेट आणि मधल्या काळात फोन. म्हणजे तुमच्या सरकारी बाटलीतल्या औषधावर सात गाठता येतं हे सिद्ध झालेलं आहे. तुमच्याकडे कमी आहे तो फोन.

त्याच अभ्यासात काटेकोर गटात शुगर गंभीर लो होण्याचं प्रमाण तिप्पट होतं. म्हणून डोस आवळायचे असतील तर मधल्या मधे बोलणं होत राहायला हवं, नाहीतर आवळू नका. माझ्याकडे आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली आहे. आई वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकते, मी किंवा सिस्टर एकच बदल सांगतो. एका वेळी एकच डोस, तोही साधारण दहा टक्क्यांनी वर-खाली, आणि पुढचे तीन दिवस काहीही हलवायचं नाही. ही पाच मिनिटं फुकट जातात असं वाटेल. माझ्या मते तुमच्या ओपीडीत याच्याइतका भक्कम पुराव्याचा दुसरा उपचार नाही.

आता 'आधी काय' याकडे येतो. आपल्या जिल्ह्यात मूल दगावतं ते बहुतेक निदानाच्या वेळी, डीकेएमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात किटोन नावाची आम्लं साचतात तेव्हा. त्यामुळे पहिला नंबर निदानाचा. इटलीतल्या पार्मा प्रांतात नव्वदच्या दशकात शाळांमधून आणि डॉक्टरांच्या दवाखान्यांतून एक साधं पोस्टर लावलं: सुकं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर शुगर तपासा. सोबत डॉक्टरांना तपासणीची साधनं दिली. नव्या निदानांत डीकेएचं प्रमाण ७८ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आलं, असं १९९९ साली छापून आलं. आपल्याकडे याची नक्कल करायला मोठा निधी लागत नाही. तुमच्या भागातल्या आशाताई, अंगणवाडीसेविका आणि शाळेतल्या सरांना तीन गोष्टी सांगा: सारखी लघवी, सारखं पाणी, आणि खाऊनही वाळत चाललेलं पोर. खेड्यात आया 'लघवीच्या जागी मुंग्या लागत्यात' हे आपणहून सांगतात, फक्त कुणी विचारायला हवं. शहरातल्या आयांना हे कमी दिसतं, कारण फरशी आणि फ्लश.

आणि स्वतःच्या दवाखान्यापुरता एक नियम करा, तोही मोडायचा नाही असा. उलट्या करणाऱ्या, मलूल किंवा धापा टाकणाऱ्या कुठल्याही मुलाला सलाइन लावण्याआधी शुगर बघायची. वेगळं टोचायलाही लागत नाही. कॅन्युला घातल्यावर आतली सुई बाहेर येते तिच्या टोकाला रक्ताचा थेंब असतो, तो पट्टीला लावा. कित्येकदा असं होतं की मूल दोन दिवस 'गॅस्ट्रो' म्हणून किंवा 'छाती भरलीय' म्हणून कुठंतरी उपचार घेत असतं, त्याला डीएनएस (ग्लुकोज असलेलं सलाइन) लावलेलं असतं आणि शुगर पाचशेच्या वर जाते. छाती स्वच्छ, घरघर नाही आणि तरी श्वास खोल चाललाय, तर न्यूमोनियाआधी डीकेएचा संशय घ्या. सिस्टरना आणि कंपाउंडरलाही हे शिकवा, कारण रात्री अकराला मूल येतं तेव्हा पहिलं तेच बघतात.

डीकेए निघालाच तर तुमच्या विट्यात थांबवू नका, पण हात बांधूनही पाठवू नका. नॉर्मल सलाइन सुरू करा, इन्सुलिन शिरेतून एकदम ढकलू नका, सलाइन चालू होऊन एक तास झाल्याशिवाय इन्सुलिनची ड्रिप नको, पोटॅशियमकडे लक्ष. सलाइन जोरात दिलं तर मेंदूला सूज येते ही भीती आपल्या पिढीत घट्ट बसलेली आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या अनेक इमर्जन्सी विभागांनी मिळून केलेल्या चाचणीत वेगवान आणि संथ सलाइन, तसंच जास्त आणि कमी सोडियम, यांत मेंदूच्या दृष्टीने फरक निघाला नाही. म्हणजे पहिल्या तासात सुकलेल्या मुलाला पाणी द्यायला घाबरू नका. चिठ्ठीवर किती सलाइन गेलं आणि किती वाजता, हे लिहून मगच गाडी मिरजेकडे सोडा.

दुसरा नंबर, इन्सुलिन खरंच अंगात जातंय का. डोस वाढवण्याआधी मी हे नेहमी तपासतो आणि निम्म्या वेळा दोष इथेच निघतो. आईला म्हणायचं, "आत्ता इथं भरून दाखवा." बाटली, सिरिंज, पोराचं पोट, सगळं माझ्या टेबलावर.

सिरिंजचा घोळ तर आपल्याकडचा खास. बाटली बहुतेक ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधली काडतुसं आणि काही बाटल्या १०० युनिटच्या, त्यांची सिरिंज केशरी टोपणाची. मेडिकलमध्ये लाल संपलेली असली की केशरी हातात येते, "चालती ओ, इन्सुलिनचीच हाय." आता हिशेब करा. ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज, दहाच्या रेषेपर्यंत भरलं तर गेले फक्त चार युनिट. आई महिनाभर इमानेइतबारे दहा देतेय, शुगर साडेतीनशे, डॉक्टर डोस वाढवताहेत. उलटा घोळ जास्त भयानक: १०० ची बाटली, लाल सिरिंज, दहाची रेष म्हणजे पंचवीस युनिट. म्हणून माझ्या चिठ्ठीवर इन्सुलिनच्या नावापुढे '४०' आणि 'लाल टोपण' लाल पेनाने लिहिलेलं असतं. तुमच्या खालच्या मेडिकलवाल्याशी एकदा चहा घेऊन हे बोलून टाका, त्याचा उपयोग कुठल्याही कॉन्फरन्सपेक्षा जास्त होतो.

मग दुधाळ, लांब चालणाऱ्या इन्सुलिनची बाटली. ती तळहातात वीसेक वेळा घोळवायची, हलवून फेस नाही आणायचा. दोन इन्सुलिन एका सिरिंजमध्ये घ्यायची असतील तर स्वच्छ दिसणारं आधी, दुधाळ नंतर. मग शर्ट वर करायला सांगा आणि पोटावर, मांडीवर बोटं फिरवा. डोळ्यांनी दिसत नाही, बोटांना लागतं: कातडीखाली मऊ, रबरासारखा फुगवटा. रोज त्याच जागी टोचून चरबीची गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून मुलं मुद्दाम तिथेच टोचून घेतात. त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही, त्यामुळे शुगर आज साठ आणि उद्या तीनशे. जागा बदलायला सांगताना डोसही थोडा कमी करून द्या, नाहीतर चांगल्या जागी तोच डोस गेला की रात्री मूल लो होतं. सुई एकदाच वापरावी हे खरं, पण चार वेळा वापरली जाते हे गृहीत धरूनच बोला. नाहीतर आई खोटं सांगायला शिकते.

फ्रिज नसण्याची काळजी थोडी सैल करता येते. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतलं तापमान बघून जिनिव्हाच्या संशोधकांनी आणि एमएसएफ या डॉक्टरांच्या मदतसंस्थेने २०२१ साली दाखवलं की २५ ते ३७ अंशांमध्ये वर-खाली होणाऱ्या तापमानातही वापरातलं इन्सुलिन चार आठवडे ताकद टिकवून होतं. आपल्या जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात पारा त्याच्याही वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत बाटली नुसती ठेवू नका. दोन मडकी, एकात एक, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. बाटली आधी प्लास्टिकच्या छोट्या डबीत. कोरड्या हवेत हे उत्तम चालतं. न उघडलेल्या बाटल्या शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवत असतील तर एकच सूचना: बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं की दिसतं तसंच, पण ते फेकून द्यायचं.

आता दोन पट्ट्या. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या मुलांच्या मोठ्या नोंदणीतून २०११ साली निघालं की दिवसाला पाच तपासण्यांपर्यंत प्रत्येक जादा तपासणीमागे एचबीएवनसी सुमारे ०.२ ने कमी दिसतं. पण तपासून वहीत आकडा लिहिला आणि डोस तोच ठेवला तर पट्टी वाया. एका पट्टीला वीस-पंचवीस रुपये पडतात, तेवढ्यात घरात दूध येतं. म्हणून मी जोडीने तपासायला सांगतो. सोमवारी नाश्त्याआधी आणि दोन तासांनी. मंगळवारी दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर. बुधवारी रात्रीचं. गुरुवारी झोपताना आणि पहाटे तीनला. आठवड्याभरात पूर्ण दिवसाचं चित्र तयार होतं आणि कुठला डोस चुकतोय ते समजतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक आणि संध्याकाळी एक, ही आपल्याकडची नेहमीची सवय, तिच्यातून जेवणाच्या डोसबद्दल काहीच कळत नाही. आजारपण आणि लोसाठी दहा पट्ट्यांची डबी घरात वेगळी, तिला हात लावायचा नाही.

जेवणाचं मोजमाप मी भाकरीपासून सुरू करतो, कारण आमच्या आयांना 'एक्स्चेंज' हा तक्ता कळत नाही आणि कळायची गरजही नाही. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं. एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर घरच्या एका भाकरीला पीठ किती लागतं ते मोजून आणायचं. साठ ग्रॅम निघालं तर भाकरी बेचाळीसची. पुढे प्रत्येक भाकरीला तोच आकडा. भात वाटीने. फसवतं ते भडंग. हलकं दिसतं म्हणून शाळेतून आल्यावर मोठी ताटली संपते, आणि चुरमुरे म्हणजे तांदूळच. भडंग बंद करा असं मी सांगत नाही, सांगलीत राहून ते कोण ऐकेल? वाटी ठरवा आणि त्याचा डोस ठरवा.

तिसरी गोष्ट फुकट आहे आणि तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ह्विडोरे नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांची तुलना केली. त्यांच्या २०१० च्या लेखात निघालं की ज्या केंद्रात डॉक्टर, सिस्टर, आहारतज्ज्ञ सगळे एकच आणि खालचं लक्ष्य सांगतात, तिथल्या मुलांचं एचबीएवनसी चांगलं असतं. आता तुमच्या दवाखान्यात बघा. तुम्ही म्हणता जेवणानंतर १८० पर्यंत. सिस्टर म्हणते, "अडीचशे म्हणजे ठीक आहे, घाबरू नका." फॅमिली डॉक्टर म्हणतात, "लहान आहे, थोडी जास्तच राहू दे." आजी म्हणते, "पोराला किती टोचायचं?" आईने कुणाचं ऐकायचं? सगळ्यांना एका टेबलाशी बसवा आणि आकडे ठरवा: ७० ते १८०, एचबीएवनसी सातच्या खाली. ते वहीच्या पहिल्या पानावर छापा. जिथे पंप-सेन्सर सहज मिळतात तिथे इस्पॅड आता साडेसहा म्हणते, पण तुमच्या घरांसाठी सात खूप आहे आणि दहावरून साडेआठला आलेलं मूल ही मोठी कमाई आहे.

एचबीएवनसीवर विश्वास ठेवण्याआधी हिमोग्लोबिन बघा. लोहाच्या कमतरतेत आकडा खोटा वर जातो आणि आपल्याकडे किशोरवयीन मुलींत ॲनिमिया किती आहे हे तुम्हाला माहीत आहे. दर तीन महिन्यांनी उंची मोजून आयएपी या भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या आलेखावर टिंब टाका. उंची थांबली असेल तर बहुधा इन्सुलिन कमी पडतंय, मग वहीतले आकडे कितीही सुंदर असोत. वहीतले आकडे सुंदर कसे होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मीटरची मेमरी उघडून बघा, पण पोराला रागावू नका.

आजारपणाचा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि प्रत्येक भेटीत विचारा: पोर जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करायचं नाही. तापात बऱ्याचदा जास्त लागतं. लघवीतल्या किटोनच्या पट्ट्या स्वस्त आहेत, घरात असू द्या. उलट्या थांबत नसतील किंवा किटोन वाढत असतील तर घरी बसायचं नाही.

याला जोडूनच मधुचंद्राचा काळ. निदानानंतर काही आठवड्यांत इन्सुलिनची गरज एकदम उतरते, काही मुलांना अगदी दोन-तीन युनिट पुरतात. नेमक्या याच वेळी कुणीतरी काढा, चूर्ण किंवा गंडा सुचवतं, शुगर छान येते, श्रेय काढ्याला जातं आणि इन्सुलिन सुटतं. मग काही दिवसांत मूल डीकेए होऊन येतं. हे टाळायचा एकच मार्ग मला सापडलाय: होणार आहे हे आधीच सांगणं. "महिन्या-दोन महिन्यांत डोस खूप कमी होईल, लोक म्हणतील बरा झाला, तेव्हा मला फोन करा." भाकीत खरं ठरलं की तुमच्यावरचा विश्वास वाढतो. काढ्याला शिव्या दिल्या तर आजी तुमच्याकडे येणं बंद करते, काढा चालूच राहतो.

लोसाठी प्रमाण वजनावर: किलोला ०.३ ग्रॅम ग्लुकोज. तीस किलोच्या मुलाला नऊ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काही ओतायचं नाही, हे शाळेतल्या बाईंना लेखी द्या. सीबीएसईने २०१७ पासून या मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये खाऊ न्यायची मुभा दिलीय. इतर शाळांत हेडमास्तरांना तेच परिपत्रक दाखवलं की सहसा कुणी अडवत नाही. तालमीत जाणारा मुलगा असेल तर एक लक्षात ठेवा: जोर-बैठका आणि कुस्तीत शुगर तात्पुरती चढू शकते, लांब पळण्यात उतरते, पण खरा धोका त्याच रात्री, झोपेत. संध्याकाळच्या मेहनतीच्या दिवशी रात्रीचा डोस कमी, किंवा झोपताना दुधासोबत काहीतरी.

दोन्ही इन्सुलिनचं तयार मिश्रण, ३०/७० वालं, मुलांना नको. दोन टोचण्यांत भागतं म्हणून मोह होतो, पण मग मुलाने घड्याळाच्या काट्यावर जेवायचं आणि भाकरी कमी-जास्त करायची नाही. ते कुठल्याही घरात होत नाही. साधं रेग्युलर (स्वच्छ दिसणारं, जेवणापुरतं) आणि एनपीएच (दुधाळ, लांब चालणारं) वेगळं द्या, रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास. सेन्सर चांगला आहे, पुरावा आहे, पण ज्या घरात सिरिंज चुकीची आहे तिथे पाच हजारांचा सेन्सर लावून फक्त महागडे वाईट आकडे मिळतील. परवडत असेल तर डोस बदलायच्या आधी एकदा पंधरा दिवस लावा.

हे सगळं एकदम सुरू करू नका. शंभर पानी वही घ्या, प्रत्येक मुलाला एक ओळ: सिरिंज बघितली का, पोट चाचपलं का, आजारपणाचा नियम विचारला का, उंची, एचबीएवनसीची तारीख. तीन महिन्यांनी रिकामे रकाने मोजा. सगळ्यात जास्त रिकामा रकाना असेल तेवढीच पुढच्या तीन महिन्यांची मोहीम.

टाइप वनची खात्री करणाऱ्या अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड या रक्तचाचण्या सरसकट करून घरच्यांचे पैसे घालवू नका, पंधरवड्यात वाळून किटोन घेऊन आलेल्या आठ वर्षांच्या मुलात त्याने उपचार बदलत नाहीत. मात्र बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर तो टाइप वन समजू नका आणि जनुकीय तपासणी पाठवाच. २००६ साली छापलेल्या अभ्यासात केसीएनजे११ जनुकात दोष असलेल्या ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचं इन्सुलिन सुटलं आणि ते सल्फोनिलयुरिया या मधुमेहाच्या गोळ्यांवर आले. मोठी झालेली मुलंही त्यात होती. म्हणून तुमच्या सहा-सात जणांच्या फायली काढा आणि निदानाचं वय बघा. कुणी तान्हेपणीच सापडलेलं असेल तर आईला सांगून रक्त पाठवा. अहवाल येईपर्यंत इन्सुलिनला हात लावू नका, आणि गोळी सुरू करायची वेळ आली तर मूल दाखल करूनच करा.